सापळ्यानंतरची रात्र: वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

वन्यजीव तस्करीविरोधात काम करण्याची इच्छा घेऊन माझ्याकडे येणारी मुले-मुली बहुतेक वेळा आधी सापळ्याविषयी विचारतात: बनावट ग्राहक कसा उभा करतात, इशारा कसा ठरवतात, गाडी कुठे अडवतात. वनसेवेतील माझी चौदा वर्षे आता पूर्ण होत आली असून त्यांतील बराचसा काळ कोकणात गेला. एवढ्या अनुभवावरून मी त्यांना सांगते की, खवले मांजराच्या तस्करीच्या खटल्याचा निकाल बहुधा सापळ्यानंतरच्या चार-पाच तासांत, बॅटरीच्या उजेडात लिहिलेल्या कागदांवरच ठरून जातो.

माझ्यासमोर पहिल्यांदा जिवंत खवले मांजर आले, ते एका गाडीच्या डिकीत, नायलॉनच्या दोरीने तोंड बांधलेल्या गोणपाटात. दोरी सोडली तेव्हा आत एक घट्ट गोळा दिसला; खवल्यांच्या फटींत तांबडी माती अडकलेली होती आणि कान जवळ नेल्यावर अडखळत चाललेला श्वास ऐकू येत होता. दात नसलेला, मुंग्या-वाळवी खाऊन जगणारा आणि बहुधा एका वेळी एकच पिल्लू देणारा हा प्राणी संकट आले की अंगाचा गोळा करतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणसाला मात्र तो गोळा उचलून पोत्यात टाकणे फार सोपे जाते. ज्या खवल्यांसाठी हे सारे चालते ती आपल्या नखांसारखीच केराटिन या प्रथिनाची असतात. २०१६ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. तरीही एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला एकाच आठवड्यात दोन कंटेनर पकडले गेले आणि नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेल्या त्या प्रत्येक कंटेनरमध्ये बारा टनांहून अधिक खवले होते. आपल्याकडची जप्ती बहुधा दोन-चार किलोंची असते, त्यामुळे ती किरकोळ वाटते. पण भारतीय खवले मांजर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि त्याच्या तस्करीसाठी किमान तीन, कमाल सात वर्षांचा कारावास आहे. शिक्षा एवढी कडक असल्यामुळे न्यायालय पुरावाही तितक्याच काटेकोरपणे तपासते, आणि ते योग्यच आहे.

माझ्या हातून घडलेली चूक येथे नोंदवते, कारण ती नव्या माणसाकडून सहज होऊ शकते. एका प्रकरणात आम्ही खवल्यांची गोणी पकडली. पाऊस कोसळत होता, पंच घरी जाण्याची घाई करत होते आणि मी गोणीसकट वजन करून पंचनाम्यात ४ किलो २०० ग्रॅम असे लिहिले. गोणी वेगळी तोलली नाही, खवले ओले असल्याचाही उल्लेख केला नाही. पुढे न्यायालयात मुद्देमाल उघडला तेव्हा वजन ३ किलो ६५० ग्रॅम भरले. बचाव पक्षाच्या वकिलांनी एवढेच विचारले, “बाई, साडेपाचशे ग्रॅम खवले गेले कुठे?” माझ्याकडे खरे उत्तर होते, पण ते कागदावर नव्हते. त्यात एक पंच आधीच फितूर झालेला होता. आरोपींना संशयाचा फायदा मिळाला. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत डिजिटल काटा, त्याच्या प्रमाणीकरणाची प्रत, लाख, पितळी शिक्का आणि कोरे पंचनामे कायम असतात.

सापळ्याच्या रात्री खवले मोजून, एकूण आणि निव्वळ वजन वेगवेगळे लिहून, नमुना आणि उरलेला मुद्देमाल पंचांसमोर सीलबंद करावा. शिक्क्याचा ठसा पंचनाम्यावरही घ्यावा. नंतर ते पाकीट कोणाच्या हातून, किती वाजता, कोठे गेले याची साखळी एकाही जागी तुटू देऊ नये. नमुना देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राकडे डीएनए तपासणीसाठी पाठवता येतो. परंतु पाकिटावरचे सील आणि पंचनाम्यातले वर्णन जुळले नाही, तर उत्तम अहवालही फुकट जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ५० खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष खटल्यात ग्राह्य धरली जाते, या तरतुदीचा आपण पुरेसा उपयोग करत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच कलम ५५ नुसार न्यायालय दखल घेते ती अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. म्हणून कारवाई पोलिसांनी केली असली तरी वनविभागाने पहिल्या तासापासून सोबत असणे आवश्यक आहे.

जिवंत प्राण्याला मुद्देमाल म्हणून ठेवून घेण्याचा विचारही करू नये. बंदिवासात खवले मांजर सहसा अन्न घेत नाही आणि भीतीनेच खचते. पशुवैद्यकाची तपासणी, छायाचित्रे, मोजमाप आणि न्यायालयाची परवानगी एवढे उरकून त्याला शक्य तितक्या लवकर जंगलात सोडावे. डिकीतल्या त्या जनावराला आम्ही दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर सोडले; पंचवीस मिनिटे ते गोळा होऊनच पडले होते, मग हळूच नाक बाहेर आले आणि पुढच्या पायांची नखे आत दुमडून ते करवंदीच्या जाळीकडे चालू लागले.

आणखी एक सवय लावून घ्यावी. जप्तीच्या बातमीत ‘आंतरराष्ट्रीय बाजारात कोट्यवधींची किंमत’ हे वाक्य कधीही देऊ नये. मी घेतलेल्या जबाबांत अनेक आरोपींनी सांगितले की, किंमत त्यांनी बातमीतच वाचली होती. गिऱ्हाईक कोणीच पाहिलेले नव्हते. मांडूळ, चांदणी कासव, घुबड यांच्या बाबतीतही हेच घडते आणि त्यात पैशांचा पाऊस पाडणाऱ्या भोंदूंची भर पडते. अशा वेळी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लावता येतो का, हे जरूर पाहावे. गावातला विश्वास हा या कामातला सर्वांत मोठा खबरी आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रसारख्या संस्थेने कोकणातल्या गावांत बसून खवले मांजराविषयी जे बोलणे चालवले, त्याचे मोल छाप्यांहून कमी नाही.

प्रवेशाचे मार्ग थोडक्यात सांगते. बारावीनंतर वनरक्षक भरती असते. पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगामार्फत वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक होता येते आणि केंद्रीय आयोगामार्फत भारतीय वनसेवेत जाता येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोत प्रतिनियुक्तीने काम करण्याची संधी मिळू शकते. गणवेश नको असेल तर कायदा, न्यायवैद्यक आणि पशुवैद्यक या तिन्ही क्षेत्रांत आम्हाला माणसे हवी आहेत. त्यांतही कलम ५० नीट वाचलेला वकील आम्हाला फार क्वचित भेटतो.

परीक्षेची तयारी चालू असतानाच जवळच्या न्यायालयात एखाद्या वनगुन्ह्याच्या सुनावणीला जाऊन मागच्या बाकावर बसावे. साक्षीदाराला पहिला प्रश्न कशावर विचारला जातो, ते वहीत टिपून ठेवावे, आणि घरी येऊन आपल्याच स्वयंपाकघरातल्या एका पिशवीचा पंचनामा लिहून पाहावा: पिशवीचा रंग, शिवण, गाठ, आतली वस्तू, एकूण वजन, निव्वळ वजन, वेळ. मग तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन, न दाखवलेली ती पिशवी त्याला चार पिशव्यांतून ओळखता येते का, ते बघावे.