पुरात बुडालेली मोटरसायकल: किक मारण्याआधी

पुराच्या पाण्याने मोटरसायकल जेवढी बिघडत नाही, तेवढी पाणी ओसरल्यावर मारलेल्या किकांनी बिघडते. विश्वामित्री नदीने २०१९ च्या जुलैअखेरीस आणि मग २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोदं बुडवलं, तेव्हा आमच्या कारेलीबागेत दोन्ही वेळा हेच बघितलं. अंगणात घोट्याएवढा गाळ, घरात फ्रिज आडवा पडलेला, आणि शेजारचा मुलगा गाडीवर चढून विचारतोय, "काका, एक किक मारी जोउं?" (मारून बघू का?) नको रे बाबा. आधी खाली उतर.

माझी सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) मेंटेनन्सला गेली, पंप आणि कॉम्प्रेसर उघडण्यात. त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसलेली आहे: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना पिस्टन वर आला, तर पाण्याला जायला जागा नाही आणि पिस्टनला थांबायची सोय नाही. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. किक निदान अडते तरी, पायाला कळतं. सेल्फचं बटण दाबलं तर काहीच कळत नाही. म्हणून सेल्फला हात लावायचाच नाही.

खाली लिहिलंय ते स्प्लेंडरच्या जातीच्या, १०० सीसीच्या आसपासच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतं. त्यांची चावीसुद्धा फिरवू नका, कारण चावी फिरली की पेट्रोलचा पंप सुरू होतो. ऑइल, ब्रेक, चेन यांचं काम त्यांच्यातही असंच करायचं, पण पेट्रोलची बाजू वर्कशॉपवाल्यावर सोडा.

गाडीला हात लावण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट आणि गाळाची रेघ दिसेल असे. विम्यात ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, असेल तर काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवा. नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही, तेव्हा सरळ कामाला लागा. आणि सीटखाली किंवा साइड पॅनेलमध्ये हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. आमच्या नदीच्या मगरी पुरात सोसायट्यांत येतात त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, पण मला भीती मगरीची नाही, ती दिसते तरी. साप असा कोपऱ्यात वेटोळं करून बसतो.

आता गाळाची रेघ कुठपर्यंत आहे ते बघा. चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंतच असेल तर इंजिनाला धक्का नाही. ब्रेक, चेन आणि बेअरिंगचं काम करा, बाकी सोडा. सायलेन्सरच्या टोकापर्यंत असेल तर सायलेन्सर भरला असं धरा. कार्बोरेटर किंवा सीटपर्यंत गेली असेल तर सगळं करायचं, काही वगळायचं नाही. "इंजिन बंद होतं ना, मग आत कुठून जाणार?" असं लोक विचारतात. एअर फिल्टरमधून जातं, सायलेन्सरमधून जातं, इंजिनाला श्वास घ्यायला जी ब्रीदरची नळी असते तिच्यातून जातं.

गाळ ओला असतानाच धुवा. एकदा वाळला की इंजिनावरच्या फिन्सच्या, म्हणजे गार होण्यासाठीच्या पट्ट्यांच्या, मधून खरवडून काढावा लागतो. साधा नळाचा पाइप पुरे. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरने मारू नका, तो गाळ बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलतो. धुऊन झालं की बॅटरी सोडवा, काळी वायर आधी, लाल नंतर.

मग सायलेन्सर. इंजिनाच्या हेडजवळचे दोन नट सोडून काढता आला तर उत्तम, पण जुन्या गाडीत ते नट गंजून बसलेले असतात आणि जोर केला की स्टड तुटतो. मग एका रुपयाचं काम शंभरावर जातं. निघत नसतील तर पुढचं चाक ओट्याच्या पायरीवर चढवा, कोणाला तरी हँडल धरायला सांगा आणि पाणी मागच्या टोकाने गळू द्या. बरंच निघतं. थांबायचं म्हटलं तर अर्धा तास. तेवढ्यात एअर फिल्टर बघून घ्या: कागदी असेल आणि भिजला असेल तर टाकून द्या, वाळवून वापरू नका, फोमचा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. फिल्टरच्या डब्याला खाली टोपण लावलेली एक छोटी नळी असते, ती उघडली की डब्यातलं पाणी निघून जातं. ती नळी आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

आता मुख्य काम, प्लग. आधी प्लगच्या खाचेतली माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर प्लग निघताना ती सिलिंडरमध्ये पडते. प्लगच्या पान्याने प्लग काढा. स्प्लेंडरला १६ मिमीचा लागतो. चावी बंदच ठेवा आणि प्लगची टोपी भोकापासून लांब बांधून ठेवा, कारण पुष्कळ गाड्यांत स्पार्क मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातून, येतो, बॅटरी काढली म्हणजे स्पार्क गेला असं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. किक पायाने नाही, हाताने दाबायची, सावकाश. तोंड प्लगच्या भोकासमोर नको. पाणी असेल तर पहिल्या एक-दोन दाबांतच भोकातून फसकन पिचकारी उडते, कधी नुसतं पाणी, कधी पाणी-पेट्रोल मिसळलेलं. पिचकारी बंद होऊन नुसता हवेचा सुसकारा ऐकू येईपर्यंत दाबत राहा. मग भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि आणखी चार-पाचदा दाबा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला तेल लागेल. हे पाणी ओसरल्याच्या दिवशीच झालं पाहिजे. बाकीची कामं उद्यावर गेली तरी चालतील, पण हे नाही. ओल्या सिलिंडरवर गंज धरायला एक रात्र पुरते.

प्लग काढूनही किक हलतच नसेल, तर तिच्यावर उभे राहू नका. ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा हाताने बघा. तरीही अडलेलीच असेल तर इंजिन उघडावं लागणार, ते मिस्त्रीचं काम.

ऑइलचा ड्रेन बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली असतो, १७ मिमीचा पाना लागतो. खाली घमेलं ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाला बसलेलं असतं आणि बोल्ट निघाल्या निघाल्या आधी तेच सुटतं, पातळ आणि मळकट. मग धार जाड होत जाते आणि दूध जास्त झालेल्या चहासारखं तेल येतं. तो रंग दिसला की समजायचं, पाणी तेलात घुसळलं गेलंय, म्हणजे बहुधा कोणीतरी आधीच पायाने किक मारलेली आहे. नुसतंच पाणी आणि मागून काळं तेल आलं, तर गाडी नशीबवान. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांचं तेल एकच असतं, त्यामुळे एका बोल्टने तिन्हींचं काम होतं, आणि पाणी गेलं तर तिन्हींत जातं.

पहिल्यांदा भरायचं तेल स्वस्तातलं चालेल, फक्त मोटरसायकलचंच असू द्या. गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढं भरा, डिपस्टिकने बघा. स्प्लेंडरची डिपस्टिक बघताना आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची. हे तेल फक्त धुण्यासाठी आहे. गाडी चालू झाली की दोन-तीन मिनिटं हळू चालवून गरम असतानाच काढून टाकायचं. पुन्हा चहाचा रंग आला तर पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. दोन-तीन फेऱ्यांत स्वच्छ येतं. काही मिस्त्री इंजिनात घासलेट किंवा डिझेल घालून चालू करतात, "सगळं धुऊन निघतं" म्हणतात. धुऊन निघतं खरं, त्याबरोबर बेअरिंगवरचा तेलाचा थरही. मी माझ्या गाडीत घालू देत नाही. शेवटची भरती मात्र चांगल्या तेलाची: १०डब्ल्यू-३०, डब्यावर जेएएसओ एमए (मोटरसायकलच्या तेलाची खूण) लिहिलेलं. कारचं उरलेलं तेल घालू नका, त्यातल्या निसरडेपणाच्या रसायनांनी क्लच प्लेट घसरतात. आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका, कुठल्याही गॅरेजवाल्याकडे त्याचा पिंप असतो.

पाणी गढूळ असेल आणि ते इंजिनात गेलं असेल, तर उजव्या बाजूचं क्लच कव्हर एकदा उघडून घ्या. आत जाळी असते आणि गोल फिरणारा ऑइल फिल्टर असतो, त्यात बारीक माती लेपासारखी बसते. त्याला नवीन गॅस्केट लागतं, म्हणून मिस्त्रीकडे न्या, पण समोर उभे राहून उघडून घ्या.

पेट्रोल. टाकीच्या झाकणातून पाणी जातं, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे ते पाणी ओढून घेतं, मग मिश्रण फाटून तळाला बसतं. ओळखायला सोपं आहे: कॉकची नळी काढून पांढऱ्या पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल घ्या, दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली की सगळी टाकी रिकामी करा. वाचवण्याचा मोह नको. हे काम उघड्यावर, आणि आसपास कोणी विडी पेटवलेली नाही हे बघून. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो, तो डिसमिसने (स्क्रू ड्रायव्हरने) सैल करा आणि सगळं गळू द्या. गाडी कार्बोरेटरच्या वरपर्यंत बुडाली असेल तर वाटी काढून पितळी जेट साफ करावे लागतील. सायकलच्या पंपाने हवा मारा. तार किंवा टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि मायलेज कायमचं जातं.

वायरिंगचं फार अवघड नाही, वेळखाऊ आहे. हेडलाइटच्या आतले आणि सीटखालचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एकेक करून उघडा, सुक्या कापडाने पुसा, ऊन असेल तर उन्हात, नाहीतर हेअर ड्रायरच्या गार हवेने वाळवा. हिरवट गंज आला असेल तर जुन्या टूथब्रशने घासा. फ्यूज बघा. सगळं कोरडं झाल्याशिवाय बॅटरी लावू नका.

आता कुठे किक. प्लग नवीन टाकला तर बरं. फार महाग नसतो, आणि भिजलेल्या प्लगमागे सकाळ घालवण्यापेक्षा परवडतो. चोक ओढून, न्यूट्रलमध्ये. सुरू झाली की पांढरा धूर येतो, ती सायलेन्सरमधली वाफ आणि आपणच सोडलेलं चमचाभर तेल. पाच-दहा मिनिटांत कमी व्हायला हवा. रेस देऊ नका. धूर निळसर होऊन येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील. आतून टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, रॉडची शंका घ्या.

सुरू झाली म्हणून लगेच गावातल्या मांडवीला चक्कर मारायला निघू नका, ब्रेक अजून बाकी आहेत. ड्रम ब्रेकमध्ये पाण्याबरोबर गाळ जातो आणि तो सुकला की ब्रेक एक तर लागत नाही, नाहीतर एकदम जाम होतो. दोन्ही चाकं उतरवून ड्रम ओल्या कापडाने पुसा, फुंकू नका, आतली भुकटी छातीला वाईट. ब्रेक शूवर चकाकी आली असेल तर काच पेपरने हलकं घासा. शू फिरवणाऱ्या कॅमला नखाएवढं ग्रीस, जास्त नाही. लायनरला ग्रीस लागलं तर तो शू गेलाच. चेन कव्हरला रबराचं एक बूच असतं, ते काढून चेन हाताने वरखाली करून बघा, २० ते ३० मिमी ढील बरोबर. पुरानंतर मात्र कव्हर पूर्ण काढूनच चेन घासलेटने धुवा, आत गाळाचा थर असतो. वाळली की ९० नंबरचं गिअर ऑइल.

हे सगळं झाल्यावर गाडी दोन-तीन आठवडे छान चालते, आणि मग लोक म्हणतात, आता हा घरघर आवाज कुठून आला? चाकाच्या बेअरिंगमधून. पाणी गेलं त्या दिवशी ग्रीस धुतलं गेलं, गंज नंतर चढला. नवरात्रात एक दिवस काढून बघा, दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी. डबल स्टँडवर चाक हाताने फिरवा आणि कान लावा. मग टायर वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग बदला, दोन्ही बाजूंची एकदम. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल हळू वळवा, मध्ये आल्यावर खटकन बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गंजलाय. फोर्कमधलं ऑइल बदलून घ्या, तिथेही पाणी शिरतं. स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर केबल ओढून काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला.