टायपिंग चालू असताना दुसरी विंडो मधी घुसती? ही सेटिंग करा

सेलूत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. मशीन जुन्या, म्हणून झुबुंटू, म्हणजे हलकं लिनक्स, टाकलंय. जुलैत पीकविम्याची गर्दी असती, सातबाऱ्याची पीडीएफ उघडायला क्लिक केलं अन् ती येईस्तोवर ब्राउझरात खाते नंबर टाकायलो, नजर पासबुकावर, बोटं चालूच, तेवढ्यात पीडीएफ पुढं आली अन् शेवटचे चार आकडे तिच्यात गेले. काकांनी नंबर परत वाचून बघितला म्हणून निभावलं.

तर विंडो वर दिसणं वेगळं अन् कीबोर्ड तिच्याकडं असणं, म्हणजे फोकस, वेगळं, हे आधी ध्यानात घ्या. ह्या दोन्ही गोष्टी विंडो मॅनेजर, म्हणजे विंडो सांभाळणारा प्रोग्राम, ठरवतो.

सेटिंग्जमधी विंडो मॅनेजर उघडा, त्यात फोकस टॅब. तिथं 'क्लिक टू फोकस' ठेवा. 'फोकस फॉलोज माउस' गर्दीच्या टेबलावर नकोच, माउसला कुणाचा धक्का लागला अन् बाण सरकला की टायपिंग पण तिकडंच. खाली नवीन विंडोला आपोआप फोकस द्यायची टिक हाय, ती काढावी वाटती पण काढू नका, मग दर फाइलीला उघडल्यावर आधी क्लिक करत बसावं लागतं.

खरं काम 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मधी हाय. तिथल्या फोकस टॅबात 'अ‍ॅक्टिव्हेट फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' वर टिक करा. मग विंडो मॅनेजर दोन वेळांची तुलना करून बघतो, तुम्ही तो प्रोग्राम कधी चालू केला अन् त्याच्यानंतर दुसऱ्या विंडोत काही टाइप केलं का. केलं असंल तर नव्या विंडोला कीबोर्ड देत नाही, पॅनलवर नुसतं तिचं बटण लक्ष वेधतं. आमची पीडीएफ नेमकी ह्यातच सापडती. आधीच उघडी असलेली विंडो स्वतःहून वर येत असंल तर त्याच टॅबात 'डू नथिंग' निवडा.

काही प्रोग्राम स्वतःची वेळ सांगतच नाहीत, तिथं हे कधीमधी चुकतं, म्हणून पैशाच्या रकान्यावर नजर ठेवाच.

केडीई ह्या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमधी विंडो बिहेविअर बघा. तिथं ह्याच फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शनच्या 5 पायऱ्या हायत, नन, लो, मीडियम, हाय, एक्स्ट्रीम. आधीची लो असती, मीडियम करून बघा. एक्स्ट्रीमवर प्रत्येक विंडोला तुम्हालाच क्लिक करावं लागतं.

झालं की तपासा, लिब्रेऑफिसवर क्लिक करून लगेच दुसऱ्या विंडोत टाइप करत राहा, एकही अक्षर तुटलं नाही तर सेटिंग बसली.