मनातला ‘च’ पकडायचा कसा?

साहेबांनी मीटिंगमध्ये बोलणं मध्येच तोडलं आणि दिवसभर डोकं भणभणत राहिलं, की ‘जाऊ दे, सोड’ म्हणणाऱ्यांचा उपयोग होत नाही. नेमकं काय सोडायचं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली आणि आपल्याकडे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलण्याची रीत, इथे कामी येते. घटना ठिणगी टाकते. भडका उडतो तो आपण मनाशी जे बोलतो त्याने.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा : घटना, समज, परिणाम. भरायला सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा, कारण भावना सगळ्यात आधी कळते. ‘राग, 80’ असा शंभरपैकी आकडा घाला. घटना कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच लिहा. ‘साहेबांनी माझा पाणउतारा केला’ ही घटना नव्हे, तो निष्कर्ष झाला. ‘माझं दुसरं वाक्य चालू असताना साहेब पुढच्या मुद्द्यावर गेले’, ही घटना.

मधला रकाना अवघड. तिथे बहुतेक जण पुन्हा घटनाच लिहितात. मनातलं वाक्य पूर्ण करा आणि त्यातला ‘च’ शोधा : ‘सगळ्यांसमोर माझा मान राखलाच पाहिजे.’ मराठीची ही सोयच म्हणायची, हट्ट एका अक्षरात सापडतो. त्याच्या मागोमाग ‘हे सहनच होत नाही’ आणि ‘मी कुचकामीच’ ही भावंडं येतात.

आता उलटतपासणी. असा नियम कुठे लिहिलाय? तोडलेल्या एका वाक्यावरून अख्खा माणूस कुचकामी ठरतो का? हे धरून ठेवल्याने उद्याची मीटिंग सोपी जाईल का? उत्तरं लेखीच द्या. मनातल्या मनात दिली की पळवाट निघते. मग नवं वाक्य : ‘माझं ऐकून घेतलं असतं तर आवडलं असतं. घेतलं नाही, वाईट वाटलं. मुद्दा मेलवर पाठवतो.’ ‘मला काही फरक पडत नाही’ असं मात्र लिहू नका. ते खोटं असतं आणि मनाला ते कळतं.

पुन्हा आकडा घाला. 80चे 45 झाले तरी पुष्कळ. शून्यच व्हायला हवा, हाही ‘च’च.

कागदाला कृतीची जोड हवी. लाजाळू एलिस वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शंभरावर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलले. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. तुम्ही भाजीवाल्याकडे एकच टोमॅटो मागा, किंवा भरल्या बसमध्ये पुढचा स्टॉप मोठ्याने पुकारा. कुणाला त्रास होईल किंवा नोकरीवर येईल असं काही निवडू नका. आणि पुकारून झाल्यावर लगेच उतरून पळू नका. धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबा, नाहीतर मन ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतं.