'रेसिडेन्शियल' हा इंग्रजी शब्द पक्का कसा करावा

फ्लॅटच्या जाहिरातीत, बँकेच्या फॉर्मवर, घरपट्टीच्या बिलात, मुलाच्या शाळेच्या माहितीपत्रकात 'रेसिडेन्शियल' हा शब्द सारखा भेटतो. वाचताना तो अडत नाही. अडतो तो स्वतः वाक्य करायची वेळ आली की. मग 'आय ॲम रेसिडेन्शियल ऑफ नाशिक' असलं काहीतरी लिहून जातं. हा दोष आपल्या इंग्रजीचा कमी आणि मराठीतल्या 'निवासी' या शब्दाचा जास्त. 'निवासी' आपल्याकडे माणसालाही चालतो आणि जागेलाही; इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात. ही गाठ सुटली की शब्द आलाच म्हणून समजा.

१. आधी तोंडात बसवा

मराठीत आपण 'रेसिडेन्शियल' लिहितो, पण शब्दकोशातला उच्चार 'रेझिडेन्शल'च्या जवळ जातो. म्हणजे 'सि' नाही, 'झि'. आणि शेवटी 'शियल' न लांबवता नुसतं 'शल'. जोर 'डेन्'वर. 'रेसिडेंट' म्हणताना मात्र जोर पहिल्या 'रे'वर असतो. दोन्ही शब्द पाठोपाठ चार-पाच वेळा मोठ्याने म्हणा, जोर कुठून कुठे सरकतो ते आपोआप कळेल. एवढं पुरे.

२. 'निवासी' कोण आणि 'निवासी' काय, हे वेगळं करा

सगळा शब्द या पायरीवर आहे, म्हणून इथे घाई करू नका.

एका वहीत मराठीतले 'निवासी'चे वापर लिहून काढा. निवासी डॉक्टर. निवासी उपजिल्हाधिकारी. अनिवासी भारतीय. निवासी शाळा. निवासी शिबिर. निवासी भूखंड. निवासी इमारत. आता प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: 'निवासी'नंतर माणूस आलाय की जागा, सोय, व्यवस्था?

माणूस असेल तर इंग्रजीत 'रेसिडेंट'. याचा पुरावा रोजच्या लघुरूपांत आहे. संपाच्या बातम्यांत येणाऱ्या 'मार्ड' या डॉक्टरांच्या संघटनेच्या नावातला 'आर' रेसिडेंटचा. जिल्हाधिकारी कार्यालयात ज्यांना 'आरडीसी' म्हणतात, त्या निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांचा 'आर'ही रेसिडेंटचाच. 'एनआरआय'मधला तोच. मराठी कागदावर 'रा. सातारा' असतं तिथे इंग्रजी प्रतिज्ञापत्रात 'आर/ओ सातारा' येतं, म्हणजे 'रेसिडेंट ऑफ सातारा'. लग्नपत्रिकेतलं 'सातारा निवासी' इंग्रजीत न्यायचं तरी हेच.

माणूस नसेल, शाळा, शिबिर, भूखंड, इमारत, परिसर, पत्ता असलं काही असेल, तर 'रेसिडेन्शियल'. रेसिडेन्शियल स्कूल, रेसिडेन्शियल कॅम्प, रेसिडेन्शियल प्लॉट.

नकाराच्या बाबतीत मात्र मराठी इंग्रजीइतकीच काटेकोर आहे, हे मला गमतीचं वाटतं. परदेशात राहणारा माणूस 'अनिवासी', पण दुकानाचा गाळा 'बिगरनिवासी'. तिकडेही नेमकं तसंच आहे: माणूस 'नॉन-रेसिडेंट', गाळा 'नॉन-रेसिडेन्शियल'. 'अनिवासी गाळा' असं कुणी म्हणत नाही, आणि 'बिगरनिवासी भारतीय' असंही नाही. ही जोडी लक्षात ठेवली की बाकीची ओढून आणता येतात.

३. घरातले कागद बाहेर काढा

शब्द त्याच्या सोबत्यांसह शिकावा, आणि या शब्दाचे सोबती तुमच्या कपाटातल्या फाइलमध्येच आहेत.

महावितरणचं बिल घ्या. दर संकेताच्या ओळीत 'एलटी आय रेस' आणि पुढे 'फेज' अशी तुटक अक्षरं दिसतील. 'एलटी' म्हणजे लो टेन्शन, कमी दाबाची वीज; 'आय' म्हणजे रोमन एक; आणि 'रेस' म्हणजे आपला शब्द, जागेअभावी कापलेला. बोलताना याला आपण 'घरगुती कनेक्शन' म्हणतो. दुकानाचं बिल असेल तर ते 'एलटी टू'मध्ये, म्हणजे नॉन-रेसिडेन्शियल किंवा कमर्शियल गटात जातं.

पण घरगुती म्हटलं की दर वेळी रेसिडेन्शियल, असं धरून चालू नका. स्वयंपाकाच्या गॅसची १४.२ किलोची टाकीही घरगुतीच, आणि तिला इंग्रजीत 'डोमेस्टिक' म्हणतात. 'रेसिडेन्शियल सिलिंडर' असं म्हणत नाहीत. याला नियम नाही, सवय आहे. मोलकरणीचं काम डोमेस्टिक, विमानाची देशांतर्गत फेरी डोमेस्टिक. इमारत, वसाहत, भूखंड मात्र रेसिडेन्शियल.

जमिनीची कागदपत्रं असतील तर एन. ए. (बिगरशेती) ऑर्डर उघडा. 'निवासी प्रयोजनासाठी' असे शब्द सापडतील. इंग्रजीत तेच 'फॉर रेसिडेन्शियल पर्पज'. विकास आराखड्याच्या नकाशावर राहण्याचा भाग पिवळा रंगवतात, म्हणून पुण्याकडचे जमिनीचे एजंट 'यलो झोन' किंवा 'आर झोन' म्हणतात. इथला 'आर' मात्र रेसिडेंटचा नव्हे, रेसिडेन्शियलचा: मागे झोन आहे, माणूस नाही.

या शब्दावर पैसाही फिरतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी मिळाली. तेवढ्याच आकाराच्या दुकानाला ती नाही. फरक एका विशेषणाचा.

बँकेच्या फॉर्मवर 'रेसिडेन्शियल ॲड्रेस' आणि 'पर्मनंट ॲड्रेस' असे दोन रकाने असतील, तर पहिल्यात आत्ता जिथे झोपता-उठता तो पत्ता, दुसऱ्यात हवं तर गावचा. आणि तहसीलमधून काढतात तो 'डोमिसाइल' दाखला वेगळा. त्याचं मराठी 'अधिवास'. तिथे रेसिडेन्शियल शब्द घुसवू नका.

४. घराणं ओळखून घ्या

'रिसाइड' म्हणजे राहणे, 'रेसिडेन्स' म्हणजे राहतं घर, 'रेसिडेंट' राहणारा, 'रेसिडेन्सी' राहण्याचा दर्जा किंवा कालावधी. डॉक्टरांची 'रेसिडेन्सी' ती हीच. सगळे लॅटिनमधल्या 'सेडेरे', म्हणजे बसणे, या क्रियापदावरून आले. संस्कृतातला 'सद्' धातू त्याचाच भाऊबंद, आणि त्यावरून आपलं 'सदन'. त्यामुळे 'रेसिडेन्शियल'च्या पोटात सदन आहे असं खुशाल समजा. दिल्लीच्या महाराष्ट्र सदनात उतरलात की तुम्ही या शब्दाच्या चुलत्याकडेच उतरलात.

'रेसिडेन्सी'शी आपली ओळख तर पेशवाईपासूनची. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे तिथेच राहणारा प्रतिनिधी, म्हणून एल्फिन्स्टन होता आणि त्याची रेसिडेन्सी, म्हणजे राहण्याची जागा, मुळा-मुठेच्या संगमावर होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, तेव्हा ती जाळली गेली. त्याच महिन्यात नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली, तीही रेसिडेन्सीभोवतीच. दरबारी 'राहणारा' म्हणून आला तो रेसिडेंट, एवढं कळलं की हा शब्द माणसाचा आहे हे वेगळं घोकावं लागत नाही. आताचे बिल्डर प्रत्येक तिसऱ्या इमारतीला 'अमुक रेसिडेन्सी' असं नाव देतात, तेव्हा हा इतिहास त्यांच्या मनात नसावा.

५. स्पेलिंगची एकच जागा सांभाळा

चूक होते ती शेपटाला: 'टी-आय-ए-एल' की 'सी-आय-ए-एल'? दोन्हींचा उच्चार 'शल'. साधारण ठोकताळा असा, की आधी 'एन' असेल तर बहुतेक 'टी': एसेन्शियल, पोटेन्शियल, कॉन्फिडेन्शियल, रेसिडेन्शियल. आधी स्वर असेल तर बहुतेक 'सी': सोशल, स्पेशल, ऑफिशियल. 'फायनान्शियल' हा ठोकताळा मोडतो, 'इनिशियल'ही मोडतो. रेसिडेन्शियल मोडत नाही. दुसरी खूण म्हणजे 'रेसिडेंट' आधी पूर्ण लिहा आणि मग 'आय-ए-एल' जोडा. 'टी' आयतीच मिळते.

६. आपल्याच इमारतीवर वाक्यं करा

पुस्तकी वाक्यं नकोत. राहता तिथलं बोला.

'वुई लिव्ह इन अ रेसिडेन्शियल एरिया.'
'धिस लेन इज मोस्टली रेसिडेन्शियल, बट देअर इज अ बँक ॲट द कॉर्नर.'
'द ग्राउंड फ्लोअर इज कमर्शियल अँड द रेस्ट इज रेसिडेन्शियल.'
'ऑल रेसिडेंट्स मस्ट पार्क इनसाइड.'

चौथं मुद्दाम घातलं आहे, कारण त्यात माणसं आली. सोसायटीच्या नोटीशीत 'ऑल रेसिडेन्शियल्स' दिसलं तर सेक्रेटरींना हळूच सांगा.

आणखी एक बारकावा. या शब्दाआधी 'व्हेरी' सहसा लावत नाहीत. इमारत राहण्याची असते किंवा नसते, 'खूप राहण्याची' नसते. जोर द्यायचा तर 'प्युअरली' किंवा 'स्ट्रिक्टली', प्रमाण सांगायचं तर 'मोस्टली' किंवा 'मेनली'. तळमजल्यावर गोदाम टाकू पाहणाऱ्याविरुद्ध पत्र लिहायचं असेल, तर 'धिस इज अ स्ट्रिक्टली रेसिडेन्शियल बिल्डिंग' हे वाक्य चांगलं बसतं.

७. परदेशात वापरण्याआधी

अमेरिकेत कुरिअरवाले पत्ता 'बिझनेस' की 'रेसिडेन्शियल' ते पाहतात, आणि घरपोच पार्सलला बऱ्याचदा जादा आकार लावतात. तिथे अर्थात कोड्यात टाकणारं काही नाही. ब्रिटनमध्ये मात्र 'रेसिडेन्शियल होम' म्हणजे राहतं घर नव्हे. म्हाताऱ्या किंवा आधाराची गरज असलेल्या माणसांची काळजी घेणारी ती संस्था असते. 'माय पेरेंट्स आर इन अ रेसिडेन्शियल होम' असं तिथे सहज बोलून गेलात, तर आईवडिलांना संस्थेत ठेवलंय असा अर्थ निघेल.

कॅनडात जाणाऱ्यांनी याहून जपावं. आपल्याकडे 'निवासी शाळा' ही जाहिरातीतली अभिमानाची गोष्ट. तिथे 'रेसिडेन्शियल स्कूल' म्हटलं की मूलनिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडून ज्या शाळांत डांबलं, त्या आठवतात. चर्च आणि सरकार मिळून त्या चालवत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या आणि २००८ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्यामुळे पाचगणीला किंवा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला असाल, तर टोरंटोत ओळख करून देताना 'बोर्डिंग स्कूल' म्हणा.