एक इंची नळीतला बुडबुडा कसा बघावा, कसा मोजावा

ऐरोलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर, टाकीच्या लोखंडी शिडीला मी एक ॲक्रिलिकची नळी उभी बांधून ठेवली आहे. चार फूट लांब, आतून २५ मिलिमीटर. डिसेंबर उजाडला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन-चार मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात. विषय ठरलेला असतो, पाइपातून वायू आणि द्रव एकत्र वाहताना काय होतं. "काका, सॉफ्टवेअरवर सगळं येतं," असं म्हणतात. मी त्यांना आधी तासभर नळीसमोर बसवतो.

कारण सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात मी एकतीस वर्षं पाळीत काम केलं. तिथे वायू आणि द्रव एकत्र वर नेणारा एक सहा इंची उभा पाइप नव्याने टाकला होता. मीटरवर सरासरी प्रवाह अगदी डिझाइनप्रमाणे. तरी वरच्या भांड्याची पातळी सारखी वरखाली व्हायची आणि आम्ही आठवडाभर कंट्रोल व्हॉल्व्हलाच दोष देत बसलो. एका रात्रपाळीत मी पाइपाला तळहात लावून उभा राहिलो. दर चार-पाच सेकंदांनी आतून धक्का येत होता. वायूचा एक लांब गोळा, मग पाण्याचा दट्ट्या, पुन्हा वायूचा गोळा. आधाराची एक क्लॅम्प तोवर तुटली होती. पाइप चार इंची केला, वायूचा वेग सव्वादोन पट झाला आणि धक्के थांबले. आकडा सरासरीचा होता आणि क्लॅम्प तोडणारा दट्ट्या त्या सरासरीत कुठेच दिसत नव्हता.

मुंबई हायला १९७४ मध्ये तेल सापडलं. तिथलं तेल आणि वायू समुद्रतळाच्या पाइपांनी आपल्या शेजारी उरणला येतात, आणि ओएनजीसीची उत्पादन तंत्रज्ञानावर संशोधन करणारी संस्था पनवेलला आहे. लांब पाइपातून वायू आणि द्रव एकत्र आले की पाइपाच्या टोकाला असे दट्ट्ये झेलण्यासाठी मोठं भांडं ठेवावं लागतं, त्याला स्लग कॅचर म्हणतात. ते भांडं केवढं ठेवायचं, हे सर्वांत मोठा दट्ट्या केवढा येईल यावर ठरतं. म्हणून बघायला शिकायचं.

सामान असं घ्या. नळी ॲक्रिलिकचीच, सरळ आणि बिनरेघेची. नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे मिळते किंवा ते मागवून देतात. जाळी असलेला पारदर्शक होज नको, बुडबुड्याची कड दिसत नाही. जुन्या ट्यूबलाइटची काच तर अजिबात नको. मुलं ती फुकट मिळते म्हणून आणतात, पण तिच्यात पारा असतो आणि ती हातात फुटते. त्याशिवाय दोन रबरी बुचं, फिशटँकचा छोटा एअर पंप, त्याची बारीक नळी, हवा कमी-जास्त करायला एक क्लिप आणि एक बादली. खालच्या बुचाला भोक पाडून हवेची नळी आत घ्या. पंप नळीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरतं, माझा पहिला पंप असाच गेला. कॉम्प्रेसर कधीही जोडू नका, ॲक्रिलिक तडकतं.

नळी ओळंब्याने उभी करा. नजरेने उभी वाटते, पण एक-दोन अंश कललेली असतेच आणि तेवढ्याने बुडबुडा एका कडेला सरकतो. आत साबणाचा अंशही राहू देऊ नका.

पहिला प्रयोग पंपाशिवाय. हवेची नळी क्लिपने बंद करा. पाणी भरून वर चार बोटं हवा ठेवा, वरचं बूच लावा आणि नळी उलटी करा. हवा एकाच गोळ्यात वर निघेल, वरचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, शेपूट सपाट आणि थरथरतं, भोवती पाण्याचा पातळ पडदा खाली उतरताना दिसेल. याला टेलर बुडबुडा म्हणतात. डेव्हिस आणि टेलर यांनी १९५० मध्ये त्याच्या वेगाचा हिशेब मांडला, त्याआधी १९४३ मध्ये दुमित्रेस्कूने. आज वापरतात ते सूत्र असं: गुरुत्वत्वरण आणि नळीचा व्यास यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ०.३५ ने गुणा. आपल्या नळीला सेकंदाला साधारण १७ सेंटिमीटर येतात. नळीवर ८० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलने व्हिडिओ घ्या. साडेचार ते पाच सेकंद लागले पाहिजेत. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १४० च्या आसपास फ्रेम होतात, म्हणजे एखादी चुकली तरी बिघडत नाही. स्टॉपवॉचने मात्र बोटाचा उशीर मोजला जातो. बुडबुडा लांब की आखूड, याने वेगात फरक पडत नाही. मुलांना हे पटत नाही, म्हणून दोन्ही मोजायला लावतो.

आता फिशटँकची ती चार मिलिमीटरची नळी घ्या. पाणी भरा, मध्ये हवेचा तुकडा ठेवा, दोन्ही टोकं बंद करून उभी धरा. हवा हलत नाही! वरचं सूत्र इथे लागू पडत नाही. पाण्यासाठी साधारण पाच मिलिमीटरच्या खाली पृष्ठताण जिंकतो आणि बुडबुडा जागीच अडकतो. ब्रेदरटनने १९६१ मध्ये हे दाखवलं. मला आजही हे बघताना आनंद होतो.

मग पंप जोडा. मोठ्या नळीत ६०-७० सेंटिमीटरच पाणी ठेवा, हवा सोडली की पातळी चढते. वरचं बूच काढून ठेवा. क्लिप आवळून हवा अगदी कमी सोडली तर सुटे बुडबुडे दिसतील. त्यांच्यावर नजर ठेवा. काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर चढतो, मोठा गोळा १७. म्हणजे लहान मागून येऊन मोठ्याला गाठतात आणि त्यात विरघळून जातात. एक इंची नळीत दट्ट्ये इतक्या लवकर का तयार होतात, त्याचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर घडत असतं. पाच सेंटिमीटरहून मोठ्या नळीत उलटं होतं, तिथे मोठा गोळा लहानांना मागे टाकतो. म्हणून छोट्या नळीचे निष्कर्ष मोठ्या पाइपाला जसेच्या तसे लावू नका.

हवेचा वाटा मोजायला यंत्र लागत नाही. हवा चालू असताना पाण्याची पातळी चार-पाच वेळा वाचून सरासरी घ्या, मग हवा बंद करून पुन्हा वाचा. ९० ची ७० झाली तर २० भागिले ९०, म्हणजे २२ टक्के हवा. साधारण पाव भागाच्या आसपास सुटे बुडबुडे टिकत नाहीत, गोळे होतात. त्या टप्प्यावर क्लिप अगदी हळू सैल करा आणि दर मिनिटाला खुणेवरून किती गोळे गेले ते मोजा. एका मिनिटावर थांबू नका, किमान दहा मोजा. दोन गोळ्यांमधला वेळ सारखा नसतो, आणि सर्वांत मोठा वेळ कोणता हेच वहीत ठळक लिहायचं असतं.

एकदा लिटरला १०-१५ ग्रॅम मीठ घालूनही बघा. बुडबुडे एकमेकांत मिसळायला नाखूश होतात, बारीकच राहतात. नंतर नळी गोड्या पाण्याने नीट धुवा.

शेवटी नळी पुन्हा भरून दोन्हीकडे बुचं लावा, पहिला प्रयोग आठवा, पण आता नळी तिरकी धरून वेळ मोजा. दहा-दहा अंशांनी कलवत जा. जवळपास प्रत्येक मुलगा सांगतो की उभ्या नळीत बुडबुडा सर्वांत वेगाने जाणार. ४५ अंशांच्या आसपास तो उभ्यापेक्षा जोरात पळतो, कारण वर तो कडेला चिकटून जातो आणि पाण्याला खाली उतरायला दुसऱ्या कडेला मोकळी वाट मिळते. कोन मोजायला शाळेतला कोनमापक आणि दोरीला बांधलेला नट पुरतो. प्रत्येक कोनाला पाच वेळा मोजा, आणि व्हिडिओच्या फाइलला कोनाचंच नाव द्या, नाहीतर रात्री घरी बसल्यावर कोणता कुठला ते कळत नाही.