नंबर नसलेल्या पिस्तुलाचा माग: सीमाभागात क्राइम रेकॉर्डला येणाऱ्यांसाठी

पोलिसांच्या क्राइम रेकॉर्डला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी सांभाळायच्या कामाला, नव्यानं आलेली पोरं बहुतेक अमेरिकेचं वाचून येतात. तिकडं जप्त बंदुकीचा नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या ट्रेसिंग सेंटरला कळवला की कारखाना, दुकानदार, पहिलं गिऱ्हाईक अशी साखळी उलगडत जाते. ई-ट्रेस या त्यांच्या ऑनलाइन यंत्रणेवरून बाहेरच्या देशांचे पोलीसही विचारणा करू शकतात. 2003 पासून तिथल्या कायद्यानं ही माहिती तपास यंत्रणांबाहेर द्यायला बरीच बंधनं आली, त्यावर तिथं वादही चालू असतो. सगळं खरं. पण इकडं कर्नाटकात, निपाणी-संकेश्वरच्या बाजूला आपल्या हाती लागतो तो गावठी कट्टा, म्हणजे भट्टीवर घडवलेलं देशी पिस्तूल. त्याला नंबरच नसतो, मग मार्टिन्सबर्ग काय करणार?

गावठी पिस्तुलांची जुनी ठिकाणं म्हणजे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी आणि बिहारातलं मुंगेर. तिथून निघालेला माल कागल-कोगनोळीवरून आपल्याकडं उतरतो, म्हणजे त्याआधी सगळा महाराष्ट्र त्यानं पालथा घातलेला असतो. आपल्या ठाण्याच्या फायलीत मात्र शेवटचा माणूस तेवढा दिसतो. आधीचे कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या फायलीत असतात. म्हणून या कामात फोन उचलायला लाजू नका. "हवालदारसाहेब, तुमच्याकडं अलीकडं सात-पासष्टचं काय सापडलंय काय ओ?" (म्हणजे 7.65 मिमीचं पिस्तूल) एवढं विचारलं तरी समोरचा खुलतो. लेखी पत्र मागाहून जाऊ दे, पण जायलाच हवं. फोनवरचं कोर्टात चालत नाही.

सगळ्या ठाण्यांच्या नोंदी जोडणारी संगणक यंत्रणा, सीसीटीएनएस, आहे की, म्हणाल. आहे, आणि कामाचंही आहे. पण आपला एफआयआर कन्नडात, त्यांचा मराठीत, आणि एकाच आरोपीचं आडनाव तीन स्पेलिंगांनी चढलेलं. नावावर अडून बसू नका. वडिलांचं नाव, गाव, मोबाइल नंबर, आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा नंबर) यांवरून शोधा.

आता मुद्द्याचं. पंचनाम्यात सगळे लिहितात, "एक गावठी पिस्तूल, दोन जिवंत राउंड." पिस्तुलाचं वर्णन अर्धं पान आणि राउंडचं दोन शब्दांत! राउंड, म्हणजे काडतूस, हातमोज्यात धरून उलटा करा, बुडावरचे शिक्के वाचा. 'केएफ 7.65' असं असेल तर तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. पिस्तूल भट्टीवर झालं असेल, पण असा राउंड कारखान्यातून निघालेला असतो. म्हणजे कधी ना कधी तो परवाना असलेल्या दुकानातून किंवा सरकारी साठ्यातून बाहेर पडलाय. दुकानदाराला विक्रीचं रजिस्टर ठेवावंच लागतं. पुन्हा भरलेली काडतुसंही निघतात, तेव्हा लगेच कुणाचं नाव घेऊ नका. शिक्का जसा दिसतो तसा उतरवा आणि फोटो घ्या. तसंही बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 105 नं झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं.

रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं कवच, तर त्याहून मोलाची. गावठी नळीला बऱ्याचदा आटे (आतल्या पिळाच्या खाचा) नसतात, त्यामुळं गोळीवर जुळवायला फारसं मिळत नाही, पण पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनची खूण उमटते. 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडमध्ये कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी सरांची हत्या झाली, 5 सप्टेंबर 2017 ला बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांची. दोन्हीकडं एकच 7.65 मिमीचं देशी पिस्तूल वापरलं गेलं, हे एसआयटीनं (विशेष तपास पथकानं) न्यायवैद्यक अहवालावरून मांडलं. त्यामागं आधीच्या गुन्ह्याचा मुद्देमाल नीट जपलेला होता. तुमच्या मालखान्यातल्या पाकिटाचं सील बघून घ्या.

कारखान्याच्या बंदुकीवरचा नंबर घासलेला दिसला तर 'नंबर नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. 'घासलेला' लिहा. लॅबमध्ये आम्ल लावून तो पुष्कळदा वर आणता येतो.

मराठी शाळेतून आलेल्यांनी कन्नड लिहायचा सराव आधीपासून करावा. बोलता येणं वेगळं, केस डायरी लिहिणं वेगळं. लॅबची आवड असेल तर धारवाडला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचा कॅम्पस आहे. पुण्या-मुंबईला जायचं कारण नाही. शस्त्र कायद्यातली 2019 ची दुरुस्ती पाठ असू द्या: अवैध शस्त्र तस्करीला किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. आणि त्याच कायद्याच्या कलम 3 च्या (विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या) गुन्ह्यात खटल्याआधी कलम 39 ची जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी. हा एक कागद राहिला म्हणून चांगल्या केसी लटकतात.

एक काम कुणी सांगत नाही. खानापूरकडं रानडुकरांपायी शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका बऱ्याच आहेत, निवडणुकीआधी त्या ठाण्यात जमा होतात. त्या वेळी नंबर परवान्यावरून उतरवू नका, बंदुकीवरून उतरवा. आणि परवानाधारक वारला असून पोरगाच बंदूक घेऊन आला असेल, तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला त्याच दिवशी लेखी कळवा.