पासिंगच्या तारखेआधीचे पंधरा दिवस

"गाडी मस्त चालतेय, त्यात बघायचंय काय?" तपासणीच्या लेनवर मी सोळा वर्षं काढली. रोज एकदा तरी हे वाक्य कानावर पडायचंच. पण गाडी चालते का, हे आम्ही बघतच नव्हतो. ती थांबते का, वळते का, इतरांना दिसते का आणि हवेत काय सोडते, एवढंच बघायचो.

नियम प्रत्येक देशाचा वेगळा. ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, जपानमध्ये आधी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, भारतात खासगी कारची १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना. तुमची तारीख बघा आणि तिच्या पंधरा दिवस आधी कामाला लागा. आदल्या रात्री दोष सापडला तर पार्ट मिळत नाही, मेकॅनिक मोकळा नसतो आणि माणूस "बघू, जाईल निघून" म्हणत तशीच गाडी आणतो. मागच्या तपासणीचा कागद असेल तर तो आधी काढा. 'पास, पण लक्ष ठेवा' असा शेरा ज्या भागावर असतो, तोच पुढच्या वेळी नापास होताना मी असंख्य वेळा पाहिलाय.

सगळ्यात जास्त वेळ टायरना द्या. एकदा एक गृहस्थ गाडी धुऊनपुसून घेऊन आले. चारही टायरची नक्षी बाहेरून छान दिसत होती. गाडी लिफ्टवर घेतली तर पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गोटा झालेली, रबर संपून पोलादी तारा बाहेर आलेल्या. मी त्यांना खाली बोलावून दाखवलं. त्यांनी बोट लावलं आणि तार टोचली तसं झटकन मागे घेतलं. आदल्याच दिवशी मुलांना घेऊन ते हायवेने दोनशे किलोमीटर आले होते. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, खाली उतरा आणि पुढच्या टायरची आतली कड डोळ्यांनी बघा. मागच्या टायरसाठी टॉर्च घेऊन वाकावं लागेल, वाका. खोबणीच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मग तळहात नक्षीवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे सरळ रेषेतली बसवणी, बिघडलंय. ते दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच झिजतील. बाजूच्या भिंतीवर फुगा दिसला तर आतले धागे तुटलेत. तो टायर बदलायचाच. आणि एका दिवसापुरते कोणाचे तरी चांगले टायर लावून गाडी पास करून नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. परतीच्या रस्त्यावर त्याच तारांच्या भरवशावर तुमची माणसं बसलेली असतात.

ब्रेकची खरी परीक्षा रोलरवर, म्हणजे चाकं फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर होते. डाव्या आणि उजव्या चाकाच्या जोरात मोठा फरक आला की गाडी नापास. मोकळ्या सरळ रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. पाय स्थिर असूनही पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी गॅरेज गाठा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं आणि तापल्यावर लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं.

लाइट तपासायला दुसरा माणूस लागतो. एकटे असाल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक लाइटचा उजेड आरशात बघा. नंबर प्लेटचा छोटा दिवा हमखास विसरला जातो. वायपर, हॉर्न आणि काचेला चालकाच्या नजरेसमोर तडा नाही ना, हे दोन मिनिटांचं काम. मागच्या सीटचे बेल्ट मात्र नीट बघा. कव्हर घालताना बकल सीटखाली दाबली जातात आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक बेल्ट झटक्याने ओढा, तो अडलाच पाहिजे.

धुराच्या चाचणीला थंड गाडी आणू नका. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. वीस मिनिटं चालवून मग लेनमध्ये या. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पेटत असेल तर स्कॅनरने फक्त गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा कोड पुसून आणण्यात अर्थ नाही. कोड पुसला की गाडीच्या संगणकाने स्वतःच्या केलेल्या चाचण्याही पुसल्या जातात आणि आमच्या यंत्रावर 'तयार नाही' असं दिसतं. बॅटरी काढून लावली तरी तेच. दोष दुरुस्त करा आणि मग काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवा.

एवढं करूनही नापास झालीच, तर तिथल्या माणसाला दोष प्रत्यक्ष दाखवायला सांगा. मी कधी नाही म्हटलं नाही. फेरतपासणीची मुदत कागदावर बघून घ्या, तोच कागद मेकॅनिकच्या हातात द्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.